तीन नंबर

पहिली यादी माघात लागली,
टाइम ऑफिसच्या काचेला, आतल्या बाजूने,
म्हणजे कुणी फाडू नये.
कोळंबी सोलणाऱ्या बेचाळीस बायका.
त्यांनी हातमोजे धुतले, उलटे करून तारेवर वाळत घातले
आणि गेल्या.
हातमोजे अजून तिथेच आहेत,
खाडीकडून वारा आला की बोटं हलवतात.

दुसरी यादी पॅकिंगची.
तिसरी कधी, ते कुणी विचारत नाही.
विचारणाऱ्याचं नाव साहेबांना आधी आठवतं, म्हणतात.

मी मिरजोळ्याच्या या कारखान्यात कॉम्प्रेसर चालवतो,
एकवीस वर्षं.
अमोनियाने नाक केव्हाच गेलं.
घरी डाळ करपली तर वैजयंती म्हणते, तुम्हाला काय कळणार.
पण कान आहेत.
उणे चाळीसला मासा दगड होतो तेव्हा
यंत्र वेगळं घोरतं,
ते मला झोपेतही कळतं.

नोकरी राखायची म्हणजे
अर्धा तास आधी यायचं,
साहेबांची गाडी आत शिरते तेव्हा हातात पाना असलेला बरा.
युनियनचा निरोप मोबाइलवर आला
तर उघडायचा नाही, वरूनच वाचायचा.
यंदा शिमग्याला गावी गेलो नाही.
पालखी आमच्या अंगणात नाचली, खांदा भावकीने दिला.
गुरवाने गाऱ्हाण्यात माझ्या नोकरीचं नाव घेतलं,
सगळे होय महाराजा म्हणाले,
आणि मी इथे दुसऱ्या पाळीत
गेज वाचत होतो: बारा, बारा, साडेबारा.

मग पुण्याहून कोठावळे मॅडम आल्या, लॅपटॉप घेऊन.
माझ्या मुलीएवढ्या. पाणीसुद्धा विचारून प्यायल्या.
काका, तुमच्या डोक्यात आहे ते सगळं कागदावर हवंय.
मी लिहून दिलं, सुवाच्य अक्षरात, सतरा पानं.
तेल कधी, व्हॉल्व्हला आटे किती, पंप आधी कुठला.
एक ओळ सोडून.

तीन नंबर पहाटे अडतो.
सक्शनच्या नळीवर, एल्बोच्या वीतभर खाली,
दोन टोले,
मग श्वासभर थांबून तिसरा.
तो खाकरतो आणि चालू लागतो.
पाणाड्या जांभ्यावर बोट ठेवतो, इथे खणा म्हणतो, पैसे घेतो.
कसं कळलं ते सांगतो का?

फैजान वस्ता माझा हेल्पर, राजिवड्याचा, तेवीस वर्षांचा.
टोले मारायच्या वेळी मी त्याला चहाला पाठवायचो.
चार वर्षं, रोज पहाटे, चहा.
निम्मा तर मी मोरीत ओतला.

तिसरी यादी लागली.
काचेत माझा चेहरा, काचेमागे नावं,
एकावर एक, वाचता येईनात.
बाजूला सरून वाचली. माझं नव्हतं.
पुन्हा वाचली.
त्याचं होतं.

लॉकरची किल्ली द्यायला आला तेव्हा
कंपनीचे बूट जमा करून चपलेत होता.
मामू कुवेतला आहे, बोलतो त्याच्याशी, म्हणाला.
मी म्हटलं, हो, बोल.
दुसरं काही सुचलंच नाही.
दारापर्यंत गेला आणि पाठमोराच म्हणाला,
दोन, थांबून एक. ना काका?
टपरीपर्यंत ऐकू येतं. नळी पत्र्याला टेकलीय,
सगळा पत्रा वाजतो.
मॅडमनी मलापण विचारलेलं.
मी बोललो, मला काय माहीत.

आज पहाटे चार दहाला तीन नंबर अडला.
पाना हातात आहे.
चहाला पाठवायला कुणी नाही.
पहिला टोला मी जरा हळूच मारला,
बाहेर कुणी ऐकत असल्यासारखा.